हरळी लावायचा धंदा

आमच्या बैलाला चार बूट होते. चामड्याचे, वर नाडी ओवलेले, मापाने शिवून घेतलेले. त्या वर्षी माझ्या पायात चप्पल नव्हती, पण बैलाच्या पायात बूट होते. हे सांगितलं की भावाची नातवंडं खो खो हसतात. हसू देत. तेव्हा कुणी हसलं नव्हतं, कारण त्या बैलावर आमचं सगळं घर टांगलेलं होतं, आणि घर म्हणजे तरी काय, मी आणि माझे सासरे.

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या उन्हाळ्यात आमची विहीर खोल करायचं काम चाललं होतं. दरड कोसळली आणि माझा नवरा तिच्याखाली गेला. मी एकोणीस वर्षांची होते. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही, सासू मी यायच्या आधीच गेलेली. गावच्या बायकांनी मला रडवायचे पुष्कळ प्रयत्न केले. गळ्यात पडून हंबरडे फोडले, त्याची बंडी आणून मांडीवर ठेवली. मला रडू आलं नाही. मी मन घट्ट केलं होतं असं कुणी म्हणू नये. आत काही नव्हतंच. भाकरी दिली की खात होते, ऊठ म्हटलं की उठत होते. विहिरीच्या काठावरून जाताना सुद्धा काही होत नव्हतं. न रडलेली विधवा गावाला बघवत नाही, म्हणून हळूहळू बायका यायच्या थांबल्या. तेही बरंच झालं.

सासऱ्यांचं आणि माझं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. सून सासऱ्यापुढे पदर सावरून उभी राहणार, तोंडाला तोंड देणार नाही. नवरा असताना ते त्याच्यामार्फत बोलत. "तिला म्हनावं, चुलीम्होरचं लाकूड हलव." मी तिथेच दोन हातांवर उभी असे. नवरा गेल्यावर मधला माणूस नाहीसा झाला आणि घरात बोलायची पंचाईत झाली. पहिले काही दिवस आम्ही मुक्यानेच काढले. मग एका सकाळी गोठ्यातून आवाज आला, "काय गड्या, आज भाकऱ्या दोनच कर म्हनावं. पीठ पुरवायचंय." ते बैलाला सांगत होते. मी दोन भाकऱ्या केल्या आणि बैलाला पाणी पाजताना म्हणाले, "कोरड्यास काय न्हाई, म्हनावं. मिरची वाटली हाय." त्या दिवसापासून बैल मधे आला. आमचा संसार त्याच्यामार्फत चालू लागला.

हा बैल माझ्या नवऱ्याने वासरू असल्यापासून वाढवलेला. बैलाचा जोडीदार सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली तेव्हा गुरांच्या छावणीत मेला. उरला हा एक. आमच्याकडे ज्याच्या दावणीला एक बैल आहे त्याला दुसरा एकबैल्या शोधून सावड करता येते. दोघांचे मिळून औत, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पण ज्याच्या दावणीला काहीच नाही त्याला कोण सावड देणार? त्याने रान दुसऱ्याला बटाईने द्यायचं आणि बांधावर बसून बघायचं. सासऱ्यांनी बैलाला स्पष्ट सांगितलं होतं, माझ्या देखत. "तू गेलास तर मी रान बटाईनं देनार. मग पोरीला इथं ठेवून काय करू? तिच्या भावाला बोलावून धाडून देनार माहेरी." म्हणजे बैल जगला तर मी त्या घरात, नाही तर भावाच्या दारात. मला माहेरी जायचं नव्हतं. इथे राहायची ओढ होती असंही नाही. फक्त एक काळं रान होतं ओढ्याकडेला, ते दुसऱ्याच्या हातात जाऊ नये असं वाटत होतं. त्या काळात मला वाटलेली ही एवढी एकच गोष्ट, म्हणून ती लक्षात आहे.

त्या रानाचं असं होतं की त्यात हरळी नव्हती. हरळी म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वरून नाजूक गवत, पूजेच्या ताटात दूर्वा म्हणून शोभतं, पण काळ्या जमिनीत शिरलं की हातभर खोल जातं आणि पिकाचा गळा धरतं. नांगराने तुटलं की प्रत्येक तुकड्याला गाठ, प्रत्येक गाठीला नवा कोंब. माझ्या नवऱ्याने तीन उन्हाळे कुदळीने ते रान खणून हरळी काढली होती. मी मागे पाटी घेऊन काशा, म्हणजे तिच्या मातीतल्या मुळ्या, वेचत होते. "तुटली की दोन हुत्यात," तो म्हणायचा, "सगळी मुळापासनं काढ." तो बोलायला बरा होता, पण हरळीच्या बाबतीत कावायचा.

वैरण संपली तेव्हा सासरे आणि मी बैलाला घेऊन नगरला निघालो. करंजीच्या घाटात बैल तीनदा बसला. नगरच्या कॅम्पाकडे सासऱ्यांचा एक ओळखीचा माणूस एका बंगल्यात माळी होता, त्याच्याकडे काही जमेल अशी आशा. आम्ही पोहोचलो तर माळी दोन महिन्यांपूर्वीच काम सोडून गेलेला. फाटकात बंगल्याचे साहेब उभे होते. फौजेतून निवृत्त झालेले, हातात छडी, मिशा पांढऱ्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. बैलाकडे पाहिलं.

"हा एकटा ओढतो का?" त्यांनी विचारलं.

बंगल्याच्या पडवीत इंग्रजांच्या वेळचं गवत कापायचं यंत्र पडलं होतं. लोखंडी, मधे फिरणारी पाती, मागे रूळ, पुढे एका जनावराला जोडायच्या दोन दांड्या. बंगल्यापुढे पाऊण एकरभर लॉन, कडेला पिवळं पडलेलं, मधे हिरवं. माणसाच्या हाताने ते यंत्र हलत नव्हतं. आणि पडवीतच खुंटीला चार चामडी बूट टांगलेले होते, सुकून वाकडे झालेले. बैलाच्या खुरांनी, त्यातून लोखंडी पत्री मारलेल्या खुरांनी, गवताला भोकं पडू नयेत म्हणून पूर्वी तिथले बैल बूट घालून चालायचे. सासऱ्यांनी बूट उलटेसुलटे करून पाहिले आणि बैलाला म्हणाले, "बघ गड्या. तुझं नशीब काढलंस."

ठरलं ते असं. कापायचं, झाडायचं, पाणी घालायचं. राहायला माळ्याची खोली, दोन माणसांपुरतं धान्य, आणि कापलेलं सगळं गवत आमचं. सासऱ्यांना बाकी कशात रस नव्हता. ते गवत म्हणजे हरळीच होती, हे आम्हाला पहिल्या दिवशीच दिसलं. साहेब तिला लॉन म्हणायचे. मला वाटलं, मोठ्या लोकांना नावं वेगळी ठेवायची सवय असते.

लोक विचारतात, गावं पाण्याला मोताद झालेली आणि तुम्ही गवताला पाणी घालत होता, राग नाही आला? राग यायला आधी काहीतरी यावं लागतं. बंगल्याच्या विहिरीला पाणी होतं. साहेब सकाळी दोन तास फाटक उघडून गल्लीतल्या लोकांना भरू द्यायचे, मग फाटक लावून लॉनला सोडायचे. मी नळी धरून उभी राहायचे. पाणी जमिनीत मुरताना बघायचे. माझ्या नवऱ्याला ज्याच्यासाठी खाली उतरावं लागलं ते हेच पाणी, असं एकदा मनात आलं आणि तसंच निघून गेलं. मी नळी पुढच्या वाफ्यात टाकली.

बूट बाजारातून नव्याने शिवून आणले. ते घालणं हे माझं काम. बैल पहिल्या दिवशी एकेक पाय उचलून झटकत होता, चिखलात पडल्यासारखा. दोन दिवसांत त्याला कळलं की बूट घातले की गवत मिळतं, मग स्वतःहून पाय द्यायला लागला. सासरे यंत्रामागे, मी पुढे कासरा धरून. सरळ जायचं, वळायचं, परत यायचं, औतासारखंच. फक्त इथे जमीन उघडायची नव्हती.

आणि तिथेच मी घोळ घातला.

तिसऱ्या आठवड्यात साहेब म्हणाले, पश्चिमेकडच्या कडेला जंगली गवत फार माजलंय, लव्हाळा वगैरे, ते काढून टाका. मी सकाळी खुरपं घेऊन बसले. खुरपायला बसलं की हात आपले आपण चालतात, डोक्याचं काम नसतं, आणि माझ्या डोक्यात तर तेव्हा काहीच नसायचं. उकिडवी बसून मी पुढे पुढे सरकत गेले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भिंतीपासून चार हात रुंदीचा आणि पन्नास पावलं लांबीचा पट्टा लख्ख झाला होता. लव्हाळा निघाला होता आणि त्याच्यासकट सगळी हरळीही. मुळापासून. काशा झटकून, माती खाली पाडून, मुळं वर करून मी तिचे ढीग लावले होते, उन्हात वाळून मरावी म्हणून, जसे नवऱ्यामागून तीन उन्हाळे लावत होते तसे.

सासरे बैलाला घेऊन त्या बाजूने वळले. त्यांनी पट्टा पाहिला, आणि मी शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा उजळला. "बघ गड्या," ते बैलाला म्हणाले, "रान किती निर्मळ झालं! एक काडी न्हाई ठेवली." मग थांबले. मग त्यांना आपण कुठे उभे आहोत ते आठवलं. त्यांच्या हातातून कासरा गळाला.

साहेब आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी छडीने उघडी माती टोकरली, ढीग पाहिले, आणि शांतपणे म्हणाले, "हे गवत माझ्या आधीपासून इथे आहे. उद्या सकाळी तुम्ही निघा."

सासऱ्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं. त्यांचे ओठ हलले, पण तोंडून जे आलं ते बैलाकडे बघूनच आलं. "सायबास्नी सांग गड्या, पंधरा दिस द्या म्हनावं. आमी परत लावून देतो."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बैलाकडे. "कुणाशी बोलतायत हे?" त्यांनी मला विचारलं.

परक्या पुरुषाशी मी तोवर कधी बोलले नव्हते. पण सकाळी निघायचं म्हणजे घाटापर्यंत बैल पोहोचणार नाही, हे मला दिसत होतं. पहिल्यांदाच काहीतरी अगदी स्वच्छ दिसत होतं. "माझ्याशी," मी म्हणाले. "ते माझ्याशी बोलत्यात, सायेब. बैल नुस्ता मधी हाय."

साहेबांनी पुन्हा ढिगांकडे पाहिलं.

"आन हरळी मरत न्हाई," मी म्हणाले. "आमी जल्मभर मारून बघितलीय."

त्यावर त्यांच्या मिशा जराशा हलल्या. पंधरा दिवस मिळाले.

ढिगांवर ओली पोती टाकून आम्ही त्या दुपारीच लावायला बसलो. वीतभर काडी, दोन गाठी मातीत, एक वर, मुठीने माती दाबायची, वीतभर सोडून पुढची. आयुष्यात कधी हरळी लावली नव्हती. पण जिला मारायचे सगळे मार्ग ठाऊक, तिला जगवायचंही आपोआप ठाऊक असतं. जे करू नको म्हणून सांगितलेलं, ते सगळं करायचं. गाठ तोडायची, माती ओली ठेवायची, पायाने तुडवायची. सासरे माझ्या शेजारच्या ओळीत बसून लावत होते आणि बैलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत होते, "कुनी गावाकडचं बघू नये म्हंजी झालं."

त्या पंधरा दिवसांत लावण्यातच वेळ जायचा, गवत निम्मंच कापलं जात होतं. बैलाच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. मी वडाचा पाला ओरबाडून आणायचे, तो तोंड फिरवून मग नाइलाजाने खायचा. एका संध्याकाळी तो बसला तो उठेना. सासरे त्याच्या मानेखाली हात घालून नुसते बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी बैलालाही काही सांगितलं नाही, म्हणून घरात कुणीच कुणाशी बोललं नाही. सकाळी तो उठला. कसा ते मला माहीत नाही.

दहाव्या दिवशी मातीतून हिरवी टोकं निघाली. पंधराव्या दिवशी तो पट्टा बाकीच्या लॉनपेक्षा दाट दिसत होता. साहेब त्याच्यावर अनवाणी चालून आले आणि आत जाऊन इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून आणली. मी सातवी पास, पण ती मला वाचता आली नाही. ती घेऊन शेजारच्या बंगल्यात जा म्हणाले.

आमचा धंदा सुरू झाला तो असा. धंदा हा शब्द नंतर साहेबच वापरायला लागले. शेजारचा बंगला, मग त्याच्या पुढचा, करता करता सहा झाले. काही ठिकाणी कापायचं, काही ठिकाणी पिवळी पडलेली जागा नव्याने लावायची. एका लॉनच्या गवतावर बैलाचे दीड-दोन दिवस निघायचे, त्यामुळे सहा बंगले झाले तेव्हा आठवडा भागला, आणि बैलाच्या बरगड्या पुन्हा झाकल्या जायला लागल्या. लावायला हरळी कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. कॅम्पाजवळच्या भिंगार गावापलीकडे रानं कोरडी पडली होती, वर काही नसलं तरी खाली ती जिवंत होतीच. मी कुदळ घेऊन एका शेतकऱ्याच्या बांधावर गेले आणि हरळी खणून नेऊ का विचारलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाई, घिऊन जा," तो म्हणाला, "पाया पडतो, सगळी घिऊन जा." दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचे दोघे मला बोलवायला आले.

बुटातल्या बैलासोबत ओळी धरत वर्ष गेलं. मला चांगलं वाटत होतं का? नाही. वाईटही वाटत नव्हतं. साहेबांच्या बंगल्यात संध्याकाळी पाहुणे खुर्च्या टाकून बसायचे, म्हणायचे, काय सुंदर हिरवळ आहे, मनाला किती शांत वाटतं. मी त्याच हिरवळीकडे बघायचे. मला गवत दिसायचं.

मग पाऊस आला. त्याच्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मी लिहीत नाही. आला आणि आम्ही निघालो. साहेब म्हणाले, राहा, धंदा चांगला चाललाय. सासऱ्यांनी बैलाला सांगितलं, "वाफसा आला की पेरावं लागतंय, सायबास्नी ठाऊक न्हाई." बूट साहेबांनी आम्हाला देऊन टाकले. वाटेत बैलाला खायला म्हणून मी दोन पोती गवत बांधून घेतलं. शेवटच्या दिवशी लावायची उरलेली हरळी होती, तीही त्याच पोत्यांत कोंबली. घाट बैलाने न बसता ओलांडला.

गावात एकबैल्या माणूस मिळाला, सावड झाली. आमचा बैल औताला जुंपला, त्याला बूट नव्हते, आणि ओल्या काळ्या मातीत त्याचे खूर रुतताना पाहून सासरे कितीतरी वेळ उभे होते. रान बटाईने गेलं नाही. मला न्यायला भाऊ आला नाही. बाजरी पेरली.

बाजरी गुडघ्याला लागली तेव्हा मी खुरपायला रानात गेले. बांधाजवळ, आल्या दिवशी जिथे पोती सोडून बैलाला गवत टाकलं होतं तिथे, जमीन हिरवी दिसत होती. मी वाकून पाहिलं. हरळी. खाऊन उरलेल्या काड्या बैलाच्या पायाखाली चिखलात दाबल्या गेल्या होत्या. दोन गाठी मातीत, एक वर. मी स्वतः लावली असती तर याच्याहून चांगली लागली नसती. बांधावरून ती दोन हात रानात शिरली होती.

मी खुरपं घातलं. वरचा धांडा तुटला, काशी आत राहिली. पुन्हा घातलं, पुन्हा तुटला. तुटली की दोन होतात. त्याने तीन उन्हाळे हे रान खणलं होतं. फोटो नव्हता, मूल नव्हतं, बंडी बायकांनी कुठे नेली ते आठवत नव्हतं. त्याचं म्हणून जगात हे स्वच्छ रान होतं, आणि त्याचा बैल होता; आणि बैल जगवायच्या पायी मीच माझ्या हाताने पोतं बांधून त्याच्या रानात हरळी आणली होती. मला रडू फुटलं. दरड कोसळल्यापासून पहिल्यांदा. बाजरीत बसून मी तोंडात पदर कोंबला, तरी आवाज ओढ्यापर्यंत गेला असेल. इतकं दुखलं की मला त्याची भीती वाटली.

सासरे बैलाला पाणी पाजून बांधावरून येत होते. ते थांबलेले मला दिसले. त्यांनी हिरवं पाहिलं, माझ्या हातातला तुटका धांडा पाहिला. हरळीची एक काडी दिसली तर हातातलं जेवण टाकून उठणारा माणूस तो. आता बैलाला काय सांगतात याची मी वाट बघत राहिले.

त्यांनी बैलाकडे पाहिलं नाही. कासरा सोडून ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"राहू दे पोरी," ते म्हणाले. "रानातली मी काढीन. बांधावरची राहू दे. त्याच्या बैलाला लागंल."

माझा पदर डोक्यावरून कधीच पडला होता. मी तो सावरला नाही. त्यांनी माझ्या हातातला धांडा घेतला आणि बैलापुढे धरला.